पहिल्या शिफ्टची हाक

अनुजची बारावी संपून निकाल तोंडावर आला, तरी राहीबाई पालघरला परतायचं नाव काढत नव्हत्या. त्यामुळे अर्चनाच्या पोटात जे दुखायला लागलं होतं, त्यावर ओवा न् काळं मीठ काही कामाचं नव्हतं.

ठरलं होतं ते एवढंच, की अर्चनाच्या लेकाचा अभ्यास होईस्तोवर सासूबाईंनी धाकट्याकडे राहायचं. सासरे गेल्यापासून त्या थोरल्या सुजितकडे, म्हणजे अर्चनाच्याच हाताखाली होत्या. धाकट्या ज्ञानेशचं बिऱ्हाड बोईसरला एका चाळीत, दोन खोल्यांचं. त्याची बायको प्रतीक्षा दिवसभर मशीनवर ब्लाउज शिवत बसायची. अशा घरात म्हातारी आठवडाभर टिकायची नाही, 'अर्चना, मला घेऊन जा गं' असा फोन येईल, याची अर्चनाला खात्री होती. खरं सांगायचं तर ती त्या फोनची वाटच बघत होती. फोन काही आला नाही. आले ते फोटो. सासूबाई चाळीच्या नळावर हसताहेत, सासूबाई गणवेशातल्या कामगारांच्या घोळक्यात उभ्या आहेत, सासूबाई कुणाच्या तरी लेकराला कडेवर घेऊन बसल्या आहेत. प्रत्येक फोटो अर्चनाने मोठा करून पाहिला आणि प्रत्येकावर अंगठा दिला. अंगठा द्यायला काही लागत नाही.

त्यात तिचा तो वर्ग. 'प्रसन्न पहाट' असं त्याचं नाव होतं. पालघरच्या पन्नाशीकडे झुकलेल्या कितीतरी बायका त्यात होत्या आणि अर्चना गटप्रमुख होती. सूर्याच्या आधी उठायचं, कोमट पाणी प्यायचं, मौन बाळगून ध्यानाला बसायचं, मनात तीन गोष्टींचे आभार मानायचे. 'दुसऱ्याच्या ताटात बघू नका' हा संदेश अर्चना रोज सकाळी गटावर टाकायची आणि तो टाकून झाला की प्रतीक्षाने स्टेटसला काय ठेवलंय ते बघायची. आता येत्या रविवारी वर्गाचा समारोप होता. मॅडमनी विषय दिला होता, घरातल्या ज्येष्ठांचं समाधान. बोलणार होती अर्चना, आणि शेजारच्या खुर्चीवर तिचे ज्येष्ठ हवेच होते. ज्येष्ठ बोईसरला जाऊन बसलेले!

"तिला विचारलंस का, यायचंय का म्हणून?" बोईसरच्या वाटेवर उमरोळी मागे पडल्यावर सुजितने गाडी चालवता चालवता विचारलं.

"विचारायचं काय त्यात? घर त्यांचं आहे."

"तसं नव्हे…"

"अहो, तुम्ही समोर बघा. टेम्पो येतोय."

सुजितने समोर पाहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर नवऱ्याला एवढं कळतं.

चाळीत पोचले तेव्हा राहीबाई घरात नव्हत्याच. माकुणसारहून नणंद उषा आलेली होती, येताना ताडगोळे घेऊन. प्रतीक्षा चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी घामाघूम झालेली. "ताई, बसा ना. आई नळावर असतील," असं तिने पाणी देता देता सांगितलं, आणि ते 'नळावर असतील' अर्चनाला टोचलं. तिच्या घरी सासूबाईंना पाण्याचा तांब्या हातात मिळायचा. नळ कुठल्या दिशेला आहे हे त्यांना शोधावं लागायचं नाही.

ती स्वतःच बाहेर गेली. नळापाशी राहीबाई एका दाढीवाल्या पोराला झापत होत्या, आणि तो मान खाली घालून हसत होता.

"आली का गं, अर्चना!" त्यांचा चेहरा उजळला. "थांब हां, ह्याला बोलून येते." आणि त्यांनी परत पोराकडे तोंड केलं. "हां, तर रूपेश, उद्या परत तसं केलंस ना, तर तांब्याभर पानी वतीन. समजलं का?"

बस्स. एवढंच झालं. पाच महिन्यांनी थोरली सून आली होती आणि सासूबाईंनी तिला 'थांब हां' म्हटलं होतं. अर्चना थांबली. उन्हात, चिखलात सँडल सांभाळत, जळत थांबली.

जेवायला बसल्यावर तर उषानेही बाजू बदलली. ही तीच उषा, जी सासऱ्यांच्या तेराव्याला सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाली होती, की अर्चनावहिनी आहे म्हणून माझ्या आईची काळजी नाय. प्रतीक्षाने पळून येऊन लग्न केलं तेव्हा तिला वर्षभर घरात न घ्यायचा डाव या दोघींनीच मिळून खेळला होता.

"वहिनी, आईला बघितलंस ना?" उषा भाकरी मोडता मोडता म्हणाली. "कशी टवटवीत झालीय. चेहऱ्यावर काय तेज हाय! प्रतीक्षा, काय जादू केलीस गं?"

"हवा मानवली असेल," अर्चना म्हणाली.

बोईसरची हवा आजवर कुणाला मानवल्याचं ऐकिवात नव्हतं. ज्ञानेश हसला.

"हवा कसली वहिनी. आईने धंदा काढलाय. अख्खी चाळ उठवते ती."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिल्या शिफ्टवाल्यांना पहाटे उठवते. काठी घेऊन निघते, एकेक दार वाजवत जाते. सुरुवात त्या रूपेशपासून झाली. गजर बंद करून झोपायचा आणि कंपनीच्या गेटवरून परत यायचा. आई तशीही पहाटे जागीच असते. म्हणाली, म्या उठवते. आता सगळे सांगून ठेवतात, आजी, या आठवड्यात मी पहिल्याला, आजी, माझी उद्या सुट्टी. मोबाइलचा गजर बंद करता येतो. आई बंद होत नाय."

सगळे हसले. सुजितसुद्धा. उषा म्हणाली, "आमच्या आबांना नाय का उठवायची? तीस वर्षं एक खाडा होऊ दिला नाय तिने आबांचा. आबा म्हणायचे, कंपनीने पगार हिच्या नावाने काढायला पायजे." मग तिचा आवाज जरा ओला झाला आणि ती ताडगोळे सोलायला लागली.

राहीबाई या सगळ्यात नव्हत्या. जेवण लवकर आटपून, वाटीत कालवण घेऊन त्या नवसीच्या खोलीकडे गेल्या होत्या. नवसी जव्हारकडची, कंपनीत ठेक्यावर झाडलोटीचं काम करायची. तिचं लेकरू आजारी होतं. सासूबाई समोर नाहीत, एवढं बघून अर्चनाने विषय काढला.

"मी काय म्हणते, अनुजची परीक्षा झाली. आईंना आज घेऊन जाते मी."

ज्ञानेशने हातातला घास ताटात ठेवला. मग तो सावकाश म्हणाला, "वहिनी, तिला इथं करमतंय."

"करमतंय? भाऊजी, म्हातारं माणूस पहाटेच्या काळोखात दारोदार हिंडतंय आणि तुम्ही कौतुक सांगताय. लोक काय म्हणतील? सुनेने सासूला कामाला लावलंय, असंच म्हणतील ना? उद्या पाय घसरला, हाड मोडलं, तर निस्तरायचं कुणी? मीच ना?"

"वहिनी, कामाला कुणी लावलं नाय तिला," ज्ञानेशचा आवाज चढला.

"माझ्याकडे काडी उचलू दिली नव्हती मी त्यांना. काडी!"

"तेच म्हणतेय मी," उषा मध्येच म्हणाली आणि गप्प बसली. पण बोलून गेली होती. अर्चनाने नणंदेकडे असं बघितलं, की ताडगोळ्याची साल उषाच्या हातातच राहिली.

"सुजितदादा, तू तरी बोल," ज्ञानेश म्हणाला.

"आईला विचारू," सुजित म्हणाला. हे वाक्य तो गाडीत एकदा बोललाच होता. नवीन वाक्य तयार करायला त्याला वेळ लागतो.

अर्चना ताट घेऊन तरातरा आतल्या खोलीत गेली. मागोमाग प्रतीक्षा आली. आता ही रडणार किंवा भांडणार, म्हणून अर्चनाने मनात दोन्हीची उत्तरं तयार ठेवली होती. प्रतीक्षाने दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "ताई, घेऊन जा त्यांना. खरंच घेऊन जा."

अर्चनाच्या हातातलं ताट मोरीत ठेवता ठेवता थांबलं.

"काय म्हणालीस?"

"हे मी म्हटलं असं कुणाला सांगू नका. ज्ञानेशला तर नकोच." प्रतीक्षा पदराने मान पुसत होती. "मला कंटाळा आलाय ताई. पाच महिने रोज ऐकतेय. अर्चनाची भाकरी अशी फुगते. अर्चना डाळीला अशी फोडणी घालते. अर्चना असती तर पडदे दोन दिवसांत धुवून टाकले असते. मी इथं मरमर मरते आणि नाव तुमचं. चाळीत तर मला नावच राहिलं नाही. 'आजीची सून' म्हणतात. माझ्याकडे ब्लाउज टाकायला आलेल्या बायका आधी त्यांच्याशी तासभर गप्पा मारतात, मग मला माप देतात. मला किनई, तुमचा इतका राग येतो कधीकधी."

"माझा?"

"तुमचा नाही तर कुणाचा?"

कितीतरी महिन्यांत अर्चनाने इतकं गोड काही ऐकलं नव्हतं. 'प्रसन्न पहाट'मध्ये छातीवर हात ठेवून जे समाधान आणायचा प्रयत्न ती करायची, ते इथं मोरीपाशी, खरकट्या भांड्यांसमोर आपोआप आलं. सासूबाई तिची आठवण काढत होत्या. रोज. आणि ही धाकटी, जिच्यावर ती जळत होती, ती उलट तिच्यावर जळत होती! अर्चनाला तिचा एकदम लळाच लागला.

"अगं वेडे, मनावर घेऊ नकोस," ती म्हणाली आणि आजवर पहिल्यांदा धाकट्या जावेचं ताट आपल्या हाताने घासायला घेतलं. "मी आजच नेते. तू काही बोलू नको. मी बघते."

दोघी बाहेर आल्या तेव्हा राहीबाई परत येऊन उंबऱ्यात टेकल्या होत्या. ज्ञानेशने त्यांना सांगितलेलं दिसत होतं. सगळ्यांचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे लागलं होतं.

"आई, चला घरी," अर्चना त्यांच्यापाशी बसत म्हणाली. "खोली तयार केलीय तुमची. नवी गादी घेतली. रविवारी कार्यक्रमही आहे, माझ्या शेजारी बसायचंय तुम्हाला. स्टेजवर."

राहीबाईंनी एकदा ज्ञानेशकडे पाहिलं, एकदा प्रतीक्षाकडे. प्रतीक्षा खाली बघत होती. म्हातारीला काय दिसायचं ते दिसलं असावं.

"चल की," त्या म्हणाल्या. "थोरलीचं घर हाय ते. कधी निघायचं?"

"आई, तुला यायचंय का, ते सांग," सुजित म्हणाला. तिसऱ्यांदा.

"येते म्हनले ना. त्यात काय एवढं. पर आधी पोरांना सांगून यावं लागंल. उद्या वाट बघत बसतील, न् खाडा पडंल."

अर्चना जिंकली होती, आणि भांडावंही लागलं नव्हतं. विजयी माणसाला दिलदार व्हायला सोपं जातं. "चला, मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली.

दुपार कलली होती. चाळीच्या खोल्यांची दारं ओळीने होती, काही उघडी, काही बंद. पहिल्या उघड्या दारात राहीबाई थांबल्या आणि आत बसलेल्या माणसाला म्हणाल्या, "दिपेश, उद्यापासनं तुझं तू उठायचं बाबा. म्या पालघरला चालले." तो उठून उभाच राहिला. "अम्मा, ऐसे कैसे?" तो म्हणाला. "अचानक?" राहीबाईंनी त्याला हाताने बस म्हटलं आणि पुढे निघाल्या.

पुढची दोन दारं त्यांनी वाजवलीच नाहीत. पायही हलके टाकत गेल्या, आणि अर्चनाच्या सँडलचा आवाज झाला तेव्हा ओठांवर बोट ठेवलं.

"रातपाळीवाले हायेत," त्या कुजबुजल्या. "आत्ता कुठं डोळा लागला असंल. ह्यांना ज्ञानेश सांगंल संध्याकाळी."

रूपेशच्या खोलीत त्याच्या जोडीदाराला, ललितला, त्यांनी नीट समजावून दिलं. "ह्यो हाकेने उठत नाय. खांद्याला धरून हलवलं तर शिव्या देतो. पायाचा अंगठा धरायचा न् ओढायचा. उठला तरी विश्वास ठेवू नको, बसतो न् परत आडवा होतो. पायावर उभा राहिला की मग जायाचं." ललितने मान हलवली. रूपेश, मघाचा तो दाढीवाला पोरगा, कोपऱ्यात बसून लाजत ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "आजी, पाणी ओतणार होतीस ना उद्या?"

"ललित वतंल," राहीबाई म्हणाल्या आणि चटकन बाहेर पडल्या.

नवसीचं दार शेवटचं. तिने ऐकून घेतलं, मांडीवरचं लेकरू सावरलं आणि एवढंच म्हणाली, "आये, तू गेली तं मला कोन उठवील? उशीर झाला का ठेकेदार आत घेत नाय. दिवसाचा रोज बुडतो."

"उठशील गं. जरा लवकर नीज."

"निजते गं. पोरगं रडतं ना रातभर."

लेकराच्या कपाळाला हात लावून त्या वळल्या. परत येताना अर्चनाने त्यांचा हात धरला होता, खड्ड्यातून जपून नेत होती. म्हातारीच्या हाताला घट्टे पडले होते, काठीचे.

"तुझं ते ध्यान अजून चालू हाय ना गं पहाटंचं?" राहीबाईंनी सहज विचारलं.

"हो. का?"

"नाय, म्हंजे म्या पडून राहीन. तुला आवाज नाय व्हायाचा. मागं पंखा बघत पडायची ना, तशी. उजाडायचं नाय लवकर, एवढंच. आता मोडलीया सवय, पर लागंल परत."

त्या टोमणा मारत नव्हत्या. टोमणा असता तर अर्चनाने तिथल्या तिथे परत केला असता, त्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. त्या खरंच विचार करत होत्या, की मौन पाळणाऱ्या सुनेला त्रास होऊ नये म्हणून कसं पडून राहायचं.

अर्चनाला आठवलं. सासरे गेल्यानंतरचेच दिवस होते. ती डोळे मिटून बसलेली आणि स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज. ती उठून गेली होती आणि अगदी गोड आवाजात म्हणाली होती, "आई, तुम्ही आता आराम करायचा. उजाडेपर्यंत अंथरुणातून उठायचंच नाही." वर हे तिने वर्गात सांगितलंही होतं. माझ्या सासूबाईंना मी पहाटे उठू देत नाही, आयुष्यभर त्यांनी उठायचंच काम केलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. रविवारच्या भाषणाची सुरुवात ती यानेच करणार होती.

आणि ही बाई त्या काळोखात, उघड्या डोळ्यांनी, श्वासाचा आवाज होऊ नये म्हणून जपत, पंखा बघत पडलेली.

"आई, तुम्ही नका येऊ," अर्चना म्हणाली. तिचा आवाज तिलाच रागावल्यासारखा वाटला.

"का गं? काय चुकलं माझं?"

"काही नाही. राहा इथंच."

"न् तुझा कार्यक्रम?"

"जाऊ दे कार्यक्रम. दुसरं कुणीतरी बोलेल."

"प्रतीक्षाला जड होतंय गं," राहीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "बोलत नाय ती, पर मला कळतं."

"तिच्या भाकरीला चांगलं म्हणत जा मग. माझं नाव काढू नका तिच्यासमोर." हे बोलताना अर्चनाच्या जिवावर आलं, पण तिने बोलून टाकलं. "एकदा तरी म्हणा, अर्चनापेक्षा चांगली झालीय. खोटं का होईना."

राहीबाई हसल्या. "खोटंच म्हनावं लागंल."

अर्चनालाही हसू आलं, पण आतून बरं वाटेना. इतके महिने ती प्रतीक्षावर जळत होती, ते सगळं फुकट गेलं होतं. प्रतीक्षाकडे होतं तरी काय? दोन खोल्या, एक मशीन आणि अर्चनाच्या नावाचा जाच. ज्याचा हेवा करावा ते या काठी टेकत चालणाऱ्या म्हातारीपाशी होतं. उद्या पहाटे ही नाही उठली, तर एका बाईचा रोज बुडणार होता. अर्चना नाही उठली, तर गटावर एक संदेश कमी पडला असता. तिला सासूचा हेवा वाटला, अगदी सरळ, उघडा हेवा, आणि तो कुठल्याही अंगठ्याखाली लपण्यासारखा नव्हता.

"आई," ती म्हणाली, "मलाही उठवत जाल का? पहाटे. फोन करून."

राहीबाईंनी मागणी मनावर घेतली. चाळीतल्या कुणाचीही घ्यावी तशी.

"उठवीन की. रूपेशच्या नंतर तुला फोन लावीन." मग त्या थांबल्या. "पर तुला कुठं जायाचं असतं गं, पहाटंचं?"

गाडीपाशी सुजित उभा होता. अर्चनाने त्याच्याकडे पाहिलं, चाळीच्या दारांकडे पाहिलं. उत्तर सोपं होतं आणि ते देताना तिला खोटं बोलवेना.

"कुठंच नाही."

"मंग नीज की बाये निवांत," राहीबाई मायेने म्हणाल्या. तिच्या पाठीवरून त्यांनी एकदा हात फिरवला, आणि आपण जात नाही हे नवसीला सांगायला त्या लगबगीने मागे वळल्या.